हाड मोडण्याआधी विचारायचे प्रश्न

(लातूर येथे झालेल्या माता-भगिनी मेळाव्यातील भाषणाचा संपादित पाठ)



आजचा विषय वैद्यकीय आहे आणि मी डॉक्टर नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. मी कला शाखेची पदवीधर; उभे आयुष्य वृत्तपत्रात गेले. प्रश्न विचारणे हाच माझा व्यवसाय. तरीही माझ्याच घरात एक प्रश्न विचारायचा राहून गेला आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली. तो प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या घरात राहून जाऊ नये, एवढ्याचसाठी मी येथे उभी आहे.

माझी आई नांदेडला, वजिराबाद भागात राहत असे. अडुसष्टाव्या वर्षी न्हाणीतल्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. तिने हात टेकला आणि मनगट मोडले. प्लास्टर घातले गेले, सहा आठवड्यांनी ते निघाले, हाड जुळले. ‘थोडक्यात निभावले’ असे म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली. केवळ उभ्या उंचीवरून पडून हाड मोडावे इतके ते दुबळे का झाले, हे उपचार करणाऱ्यांनी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. तीन वर्षांनी आई पहाटे देवघराच्या उंबरठ्याला अडखळून पडली. या वेळी खुब्याचे हाड मोडले. ‘या वयात ऑपरेशन कशाला?’ या चर्चेत नातलगांचे चार दिवस गेले. शस्त्रक्रिया झाली, पण आई पुन्हा आपल्या पायांनी तुळशीपर्यंत गेली नाही. आठ महिन्यांनी ती गेली.

लोक म्हणाले, ‘वय झाले होते.’ मीही तसेच समजत होते. पुढे या विषयावर लिहिण्यासाठी वाचन केले, जाणकार डॉक्टरांशी बोलले, तेव्हा उमगले की मनगट मोडले होते तीच सूचना होती. सूचना आली होती. ती वाचणारे कोणी नव्हते.

आतून पोखरणारा आजार

आयुर्वेदाने शरीराच्या सप्तधातूंत अस्थीला पाचवे स्थान दिले आहे. धातू म्हणजे जो धारण करतो तो. आधुनिक शास्त्रही हेच सांगते की हाड निर्जीव दगड नसून जिवंत धातू आहे. जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचे काम त्यात अखंड चालू असते. साधारण तिशीपर्यंत हाडांची पुंजी वाढते. नंतर जमेपेक्षा खर्च हळूहळू अधिक होऊ लागतो. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक या खर्चाला लगाम घालत असते. पाळी थांबली की तो लगाम सुटतो आणि पुढच्या पाच ते सात वर्षांत हाडांची घनता पंचमांशापर्यंत घटू शकते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य स्त्रीची एक्कावन्नच्या सुमारास. म्हणजे आपल्या भगिनींची उतरण चार-पाच वर्षे आधी सुरू होते.

या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपण हाडांचा ठिसूळपणा म्हणू. त्याचा मोठा कपट असा की तो दुखत नाही. गुडघे दुखू लागले की आपण ‘हाडे झिजली’ म्हणतो. पण ती सांध्यांची झीज, तो आजार निराळा. ठिसूळपणात हाड मोडेपर्यंत काहीच कळत नाही.

लातूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याने पाहिली आहे. किल्लारी आणि परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. ती घरे बाहेरून किती भक्कम दिसत! रुंद दगडी भिंती, वर मातीचे जाड माळवद. पण दगड चिखलात रचलेले होते, त्यांना एकमेकांशी बांधणारे काही नव्हते. धक्का बसला आणि माळवदाचे ओझे माणसांवर आले. त्यानंतर आपण एक गोष्ट शिकलो. भूकंप थांबवता येत नाही, पण घर कोठे कच्चे आहे हे आधी पाहता येते आणि सावरता येते. वार्धक्याचेही तसेच आहे.

धोका कोणाला अधिक?

ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठात प्रा. जॉन कॅनिस यांच्या नेतृत्वाखाली २००८ साली ‘फ्रॅक्स’ नावाची गणनपद्धती सिद्ध झाली. पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, याचा अंदाज ती देते. तिचे भारतासाठीचे गणितही आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की तिच्यातले बहुतेक प्रश्न यंत्राविना, चुलीपाशी बसूनही विचारता येतात. वय किती? वजन आणि उंची किती? पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडले होते का? आईच्या किंवा वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले होते का? धूम्रपान किंवा मद्यपान आहे का? आमवात आहे का? स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत किंवा होत्या का? पाळी फार लवकर थांबली का, किंवा हाडे दुबळी करणारा दुसरा एखादा आजार आहे का?

यांतील सर्वांत बोलका प्रश्न पूर्वीच्या अस्थिभंगाचा. एकदा हाड मोडले की पुन्हा मोडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. दुसरा प्रश्न शरीरयष्टीचा. आपल्याकडे ‘काटक’ हा शब्द कौतुकाने वापरतात. पण साठीतली अत्यंत कृश स्त्री काटक असेलच असे नाही. तिच्या हाडांची पुंजी मुळातच थोडी असते आणि पडल्यावर धक्का सोसायला अंगावर मांसही नसते. विडी-सिगारेटचा प्रश्न आपल्या भगिनींना गैरलागू वाटेल, पण दातांना लावायची मिश्री ही तंबाखूच आहे, हे विसरू नये.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. ‘बाळंतपणांनी हाडे झिजली’ असे अनेक माता म्हणतात. अंगावर पाजण्याच्या काळात हाडांतील कॅल्शियम घटते हे खरे; पण दूध तुटल्यावर ते बहुतांशी भरून येते. मातृत्वाला दोष देऊन आपण खऱ्या कारणांकडे पाठ फिरवतो.

‘पिशवी काढली आहे का?’

मराठवाड्यात एक प्रश्न स्वतंत्रपणे विचारलाच पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक! लातूर-नांदेडच्या डोंगरपट्ट्यांतूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. आणि ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हे वाक्य ऊसतोडीला न गेलेल्या घरांतही आपण ऐकलेले आहे.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली गेली, तर इस्ट्रोजेनचा लगाम एका दिवसात सुटतो. पस्तिशीत ही शस्त्रक्रिया झालेली स्त्री पंचेचाळिशीत पोहोचते, तेव्हा तिच्या हाडांनी दहा वर्षांची झीज सोसलेली असते. अंडाशये राखली तरी पाळी जाण्याचे वय थोडे अलीकडे येऊ शकते. दुःखाची गोष्ट ही की आपले नेमके काय काढले हे पुष्कळ जणींना ठाऊकच नसते. रुग्णालयातून मिळालेला कागद शोधा, जाणत्या डॉक्टरांना दाखवा आणि विचारा की अंडाशये आहेत की नाहीत. कित्येकदा ही शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असते. तेव्हा ती करावीच. पण आवश्यकतेची खात्री दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घेण्याचा अधिकार श्रमिक भगिनीलाही आहे, आणि तो तिला मिळवून देणे हे समाजाचे काम आहे.

दुसरा प्रश्न औषधांचा. दमा, आमवात अशा आजारांत स्टिरॉइड कधी कधी अनिवार्य असते. ते आपल्या मनाने बंद करू नये, त्याने जिवावर बेतू शकते. पण तीन महिन्यांहून अधिक काळ गोळ्या चालल्या, तर हाडांची काळजी बरोबरीने घ्यावी लागते. खरा धोका आहे तो बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीचा. सांधेदुखीवर दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते. तो आयुर्वेद नव्हे. आयुर्वेदाच्या नावाने केलेली फसवणूक आहे. मधुमेह आणि थायरॉइडचे विकार असणाऱ्या भगिनींनीही हाडांविषयी आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

ताट, ऊन आणि पाणी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. पाळी थांबलेल्या स्त्रीसाठी १,२००. आता आपल्या माउलीचे ताट पाहू. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोन भाकऱ्या, वरण, थोडी भाजी आणि चमचाभर दुधाचा चहा. एवढ्याने शिफारशीचा निम्मा पल्लाही गाठणे कठीण. दूध घरात येते, पण ते नातवंडांना, पाहुण्यांना आणि विरजणाला. गृहिणी शेवटी जेवते आणि उरले ते खाते. याला आपण त्याग म्हणून गौरवितो. माता-भगिनींनो, ज्या घरात गाय मातेसमान मानली जाते, त्या घरच्या मातेला पेलाभर दूध मिळू नये, हा संस्कृतीचा गौरव नव्हे!

उपाय महाग नाहीत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिळात तर ते १०० ग्रॅमला हजाराच्या वर जाते. रोज चमचाभर तिळाची चटणी खाल्ली तरी शंभराची भर पडते. संक्रांतीपुरता आठवणारा तीळ वर्षभर ताटात असावा. पेलाभर दूध अथवा वाटीभर दही-ताक, शेवग्याचा पाला, राजगिरा आणि प्रथिनांसाठी डाळी-उसळी, एवढे झाले तरी पुष्कळ साधते.

कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे आणि ते उन्हातून मिळते. मराठवाड्यात उन्हाची टंचाई कोठून, असे वाटेल. परंतु भारतभर केलेल्या तपासण्यांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. कारण उन्हाच्या वेळी आपल्या माता स्वयंपाकघरात असतात, बाहेर पडल्या तर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या असतात आणि वयानुसार त्वचेची हे जीवनसत्त्व तयार करण्याची शक्तीही घटते. सूर्योदयाला अर्घ्य देणे हा उत्तम संस्कार आहे, तो जरूर जपावा. पण हाडांना लागणारे किरण त्या कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. ते दिवस वर आल्यावर, दहाच्या पुढे मिळतात. उन्हाळ्यात आपल्याकडचे दुपारचे ऊन घ्या, असे कोणी शहाणा सांगणार नाही. दहाच्या सुमारास हात, पाय, मान उघडी ठेवून थोडा वेळ बसावे. वेळ अमावस्येला आपण सहकुटुंब शेतात जातो. थंडीतले ऊन, चालणे, ताक घातलेली आंबील आणि मोकळी हवा! हाडांना जे जे हवे ते सारे त्या दिवशी एकत्र येते. अडचण एवढीच की ती अमावास्या वर्षातून एकदाच येते.

पाण्याविषयीही एक शब्द. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागात भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असलेली गावे आहेत. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे आखडतात, वाकतात आणि दाट दिसूनही ठिसूळ होतात. अशा गावांत पाण्याची तपासणी आधी, गोळ्या नंतर.

पडणे टाळणे

हाड ठिसूळ असले तरी बहुधा ते मोडते पडल्यामुळे. म्हणून घराकडे तपासनिसाच्या दृष्टीने पाहा. न्हाणीतली शेवाळलेली शहाबादी फरशी, नव्या घरातली आरशासारखी गुळगुळीत टाइल, अंधारातला उंबरठा, घसरती पायपुसणी, झिजलेली चप्पल. माळवदावर पापड-कुरडया वाळत घालण्यासाठी शिडी चढणारी आजी. मोतीबिंदू पिकला तरी ‘दिसते की अजून’ म्हणून शस्त्रक्रिया लांबवणारी आजी. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेऊन रात्री लघवीला उठताना झोकांडी जाणारी आजी. न्हाणीत आधाराला एक दांडी, खाली खरखरीत फरशी, रात्रभर एक छोटा दिवा. एवढा खर्च कोणत्याही घराला झेपेल.

मणक्याचे हाड मात्र न पडताही दबते. खाली वाकून कळशी उचलली, पाठीत कळ आली, ‘उसण भरली’ म्हणून शेक घेतला. प्रत्यक्षात मणका दबलेला असू शकतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. त्या दिवसांत किती वृद्ध मातांनी घागरी वाहिल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले. म्हातारीची पाठ वाकते, पातळ जमिनीवर लोळू लागते, देवघराच्या फळीला हात पुरेनासा होतो. तरुणपणाच्या मानाने उंची दीड इंचाहून अधिक घटली असेल, तर ते निव्वळ वार्धक्य समजू नये. पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा.

चालणे आणि तोल राखण्याचे व्यायाम हाडांना व स्नायूंना बळ देतात. आपल्या योगवर्गांत एक पथ्य मात्र पाळावे. ज्या भगिनींचे मणके ठिसूळ आहेत, त्यांना सूर्यनमस्कारातील पुढे वाकण्याच्या स्थिती वर्ज्य. हस्तपादासनाचा आग्रह मणका मोडू शकतो. योग तोच जो साधकाची अवस्था पाहून दिला जातो.

आता काय करायचे?

हाडांची घनता मोजण्याची खात्रीची तपासणी म्हणजे डेक्सा. तिचा अंक उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस आहे असे समजतात. मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून केली जाते ती केवळ चाळणी. तेवढ्यावर औषध घेऊ नये आणि तेवढ्यावर निर्धास्तही होऊ नये. हाड मोडण्याचा धोका खरोखर कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. काही आठवड्यातून एकदा घ्यायची, काही वर्षातून एकदा शिरेवाटे. ती डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यावीत. आणि दुर्दैवाने खुब्याचे हाड मोडलेच तर चर्चेत दिवस घालवू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होऊन रुग्ण उठून बसला पाहिजे. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतील एक वर्षभरात दगावतो, असे जगभरचे अभ्यास सांगतात. त्यातले पुष्कळसे मरण मोडलेल्या हाडाचे नसते, अंथरुणाचे असते.

वंदनीय लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती सुरू केली, ती स्त्रीने तनामनाने बलवान व्हावे म्हणून. १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी याच लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे केले. २०१९ मध्ये डॉ. कुकडे यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा साऱ्या मराठवाड्याला ते आपल्या घरचे वाटले. या कामांचा आरंभ समाजाची गरज ओळखण्यातून झाला. आज आपल्या वस्तीची गरज ओळखण्याची पाळी आपली आहे.

प्रत्येकीने आपल्या गल्लीतील साठीपुढच्या दहा मातांची घरे वाटून घ्यावी. औषध द्यायचे नाही, उपदेश करायचा नाही. पाच प्रश्न विचारायचे. किरकोळ पडून कधी हाड मोडले का? पाळी कधी थांबली, पिशवी काढली का? तुमच्या आईचा खुबा मोडला होता का? कोणत्या गोळ्या, कोणत्या पुड्या चालू आहेत? गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? उत्तरे वहीत लिहा आणि ज्यांना आवश्यक आहे त्यांना डॉक्टरांपर्यंत सोबत घेऊन जा. या सोबतीचे मोल मोठे आहे. म्हातारी माणसे पडल्याचे सांगत नाहीत; मुलांना त्रास नको म्हणून लपवतात. शेजारच्या लेकीसुनेने मायेने विचारले तर सांगतात.

माझ्या आईला पहिल्या पडण्यानंतर असे कोणी विचारले असते, तर ती आज असती असा दावा मी करणार नाही. पण ती तुळशीपर्यंत चालत गेली असती, असे मला वाटत राहते. आज घरी गेल्यावर आपल्या आईपाशी, सासूबाईंपाशी घटकाभर बसा आणि पहिला प्रश्न विचारा. एवढीच प्रार्थना करून मी थांबते.